आठ महिन्यांनंतर: गरम तारेचा फोम कटर आणि असईचा काठ

गेल्या रविवारी कटरची तार सहाव्यांदा तुटली, तीही फोममधून केळणा नदीचा काठ कापता कापता. विक्रेत्याला फोन लावला. "तार वॉरंटीत येत नाही," एवढंच उत्तर. मग अॅडॉप्टर तापतो त्याचं काय, विचारलं, तर व्हिडिओ पाठवा म्हणाले. पाठवला. अजून उत्तर नाही. १,८०० रुपयांच्या वस्तूसाठी हे फार झालं.

कटर घेतला होता एकाच कामासाठी: टेबलावरच्या युद्धखेळासाठी असईचं रणांगण, जिथे १८०३मध्ये इंग्रज आणि मराठे लढले. १५ मिलिमीटरचे खेळण्यातले शिपाई आणि आमचं पाच बाय तीन फुटांचं जेवणाचं टेबल. थर्माकोल घेऊ नका, दाणे घरभर होतात. गच्चीच्या उष्णतारोधनाला वापरतात ते एक्सपीएस शीट, म्हणजे दाणे नसलेला घट्ट फोम, घ्या. वॉटरप्रूफिंगवाल्याकडे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. कापलेली बाजू इतकी गुळगुळीत येते की हात फिरवत बसावंसं वाटतं. कापताना खिडक्या मात्र सताड उघड्या हव्यात, धूर वाईट असतो. आणि थेट स्प्रेचा रंग मारू नका. माझी एक अख्खी टेकडी त्यात विरघळली. आधी फेविकॉलमध्ये काळा अॅक्रिलिक रंग कालवून दोन हात द्यायचे, वर चाळलेली वाळू. लहानपणी दिवाळीतल्या किल्ल्यावर अळीव पेरायचो, तेव्हा हिरवं यायला जशी वाट पाहायचो, तशीच वाळू सुकायची वाट पाहतो अजून.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, आणि कटरला पाचातले दोन तारे द्यायचे ठरवलं होतं. पण मधल्या चार दिवसांत मत बदललं, कारण खरा दोष सापडला. कटरची तार निक्रोम या मिश्रधातूची, ती तापली की लांबते. लांबली की सैल पडते, मध्ये पोटात झुकते, आणि उभा काठ कापायला जावं तर तो आत वळतो. मी ती गरम असतानाच करकचून ताणत होतो, म्हणजे बंद करून आकसली की ती तुटणारच. हार्डवेअरच्या दुकानातून १५ रुपयांची ताणाची स्प्रिंग आणली, एका टोकाला अडकवली आणि जोडणी स्प्रिंगच्या पुढे, थेट तारेला दिली, म्हणजे करंट स्प्रिंगमधून जात नाही. आता तार तापली तरी सरळ राहते. ही स्प्रिंग कंपनीने आधीच का बसवली नाही? १५ रुपयांसाठी गिऱ्हाईकाला सहा तारा विकत घ्यायला लावणं मला पटत नाही.

काठ सरळ हवा याचं कारण आहे. २३ सप्टेंबर १८०३ला इंग्रजांचा सेनापती वेलस्लीला समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली, म्हणजे मध्ये उतार, नदी पायी ओलांडता येईल अशी जागा, असणार, हे त्याने ताडलं आणि तिथूनच फौज पार केली. काठ सगळीकडे सारखाच उतरता कापला, तर त्या उताराला किंमतच उरत नाही, डाव तिथेच फसतो.

मी एकटाच खेळतो. वेलस्ली माझा, शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पोलमन फाशांचा. प्रत्येक फेरीला एक फासा: एक-दोन आलं तर तो नदीकडे तोंड करून उभाच, तीन-चारला निम्मी फळी वळते, पाच-सहाला सगळी वळून केळणा ते असई अशी उभी राहते, तोफांसकट. आणखी एक फासा माझ्याच उजव्या टोकासाठी, कारण तिथली तुकडी खरोखर भरकटून असईच्या तोफांसमोर गेली होती. नऊ डाव झाले, त्यातले पाच हरलो. एकदा पहिल्याच फेरीत सहा आला, आणि माझे लोक पाण्यातून वर येईपर्यंत समोर अख्खी भिंत. त्या डावानंतर पोलमनबद्दल आदर वाटायला लागला.

तर तारे साडेतीन. अर्धा कापलाय तो सेवेसाठी, एक स्प्रिंगसाठी. हातात थोडीशी कारागिरी असेल तर घ्या, नसेल तर महागडा बघा.

सध्या असई गावाची मातीची तटबंदी कापतोय. अजून दोन मीटर तार शिल्लक आहे.