खाचांची लाकडी मुळाक्षर-पाटी : पाच महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या शाळांत फिरून दिव्यांग विद्यार्थ्यांना लिहा-वाचायला शिकवणे हे माझे काम आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला असला, तरी त्याच्यापुढे नेमके कोणते साधन ठेवावे, हे बहुधा शिक्षकालाच शोधावे लागते. म्हणून गेल्या जुलैत पदरचे ६४० रुपये घालून ही पाटी मागवली.

गडद तपकिरी पॉलिशच्या फळीवर एका बाजूस स्वर, दुसऱ्या बाजूस व्यंजने खोल कोरलेली असून गिरवण्यासाठी सोबत एक लाकडी कांडी मिळते. घासकाम उत्तम आहे. बोटाला कुठेही लाकूड टोचत नाही. मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या, दुसरीतल्या एका मुलीचा हात कागदावर भरकटतो, पण खाचेत कांडी अडत असल्यामुळे तो अक्षर सोडून बाहेर जात नाही. मूळ कांडी मात्र पेन्सिलीएवढी बारीक असल्याने तिच्या मुठीत टिकेना. कांडीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, तेव्हा कुठे 'ग'चा दंड वरून खाली एका दमात उतरला.

खरी तक्रार अक्षरांच्या वळणाची आहे. कोरणाऱ्याने सर्व अक्षरांवर शिरोरेषा सरसकट सलग ओढली आहे, त्यामुळे 'ध' चक्क 'घ' झाला आहे आणि 'भ'देखील बोटाला 'म'च भासतो. बौद्धिक अक्षमता असलेला एक विद्यार्थी 'गमभन' गिरवताना दर वेळी तिसऱ्या अक्षराला 'म' म्हणे आणि मी त्याला दुरुस्त करीत असे. शेवटी स्वतः डोळे मिटून बोट फिरवले, तेव्हा चूक त्याची नव्हे, पाटीची आहे हे कळले. लाकडाचा भुसा डिंकात कालवून शिरोरेषेचा नको तो भाग मी बुजवला. 'ल' आपल्या पाठ्यपुस्तकातल्यासारखा पाकळीचा नाही, आणि 'ळ' तर मुळातच नाही. शाळेत बसून 'शाळा' हा शब्द गिरवता येऊ नये, याला काय म्हणावे? विक्रेत्याला दोनदा कळवले. उत्तर आले नाही.

अल्पदृष्टी असलेल्या मुलांना तपकिरीवरची तपकिरी खाच दिसत नाही. खाचांत पांढरा ऑइलपेंट भरून दोन दिवस वाळू दिल्यावर हा दोष गेला.

वेष्टनावर 'अंध मुलांसाठीही उपयुक्त' असे छापले आहे, ते मात्र दिशाभूल करणारे आहे. पूर्णतः अंध मुलाला अक्षरांच्या आकाराची ओळख या पाटीने होईल, परंतु वाचन-लेखनासाठी त्याला ब्रेल ही उठावाच्या ठिपक्यांची लिपीच लागते आणि तिची रीतच वेगळी आहे. छापील 'कि'मध्ये वेलांटी 'क'च्या आधी येते, ब्रेलमध्ये उच्चारल्याप्रमाणे आधी 'क' आणि मग 'इ'. शिवाय ब्रेलच्या पाटी-कलमाने लिहिताना ठिपके उजवीकडून डावीकडे टोचायचे असतात. ज्यांच्या मुलाला ब्रेलची गरज आहे, त्यांनी हे पैसे ब्रेल पाटीवर खर्च करावेत.

इतरांनी ही लाकडी पाटी घ्यावी, पण दुरुस्तीची तयारी ठेवून. 'ळ' आमच्या गावच्या सुताराने सागाच्या तुकड्यावर वेगळा कोरून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.