पंधरा दिवस आधी सांगितलेली बातमी

अमेरिकन लेखिका ईडिथ व्हॉर्टन यांची 'द एज ऑफ इनोसन्स' (१९२०) ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती विशीत. न्यूलँड आर्चरचा जीव एलन ओलेन्स्कावर जडतो, संसार मात्र मे वेलंडशी होतो. बिचाऱ्याचं आयुष्य वाया गेलं, असं म्हणत मी पुस्तक मिटलं. मे तेव्हा अगदीच भोळी वाटली होती. आता चाळिशीत पुन्हा वाचताना कळलं, आर्चरसारखीच मीही फसले होते. (पुढे शेवट सांगितलाय. वाचायची राहिली असेल तर इथेच थांबा.)

काळ १८७० च्या दशकाचा, गाव न्यूयॉर्क. मोजकी श्रीमंत घराणी, सगळी एकमेकांची सोयरी. इथे कुणी आवाज चढवत नाही. नवऱ्याला सोडून युरोपातून परतलेल्या एलनसाठी घरचे जेवण ठेवतात, तर बहुतेकांकडून 'येता येत नाही' अशा एकाच साच्याच्या सभ्य चिठ्ठ्या येतात. तिने घटस्फोट घेऊ नये हे तिच्या गळी उतरवायचं काम वकील म्हणून आर्चरवरच येतं, आणि तो ते चोख करतो!

एलनच्या निरोपाचं जेवण मी लागोपाठ तीनदा वाचलं. नव्या जोडप्याची पहिली मोठी मेजवानी. पैसे देऊन बोलावलेला आचारी, उसने आणलेले दोन नोकर, सोनेरी काठाची मेन्यूकार्डं. एलन आर्चरच्या शेजारी, मानाच्या जागी. सगळे तिच्याशी किती गोड वागतात! आणि जेवता जेवता आर्चरच्या डोक्यात लख्ख पडतं: यांच्या लेखी आपल्या दोघांचे चोरून संबंध आहेत, आणि हा अख्खा गोतावळा मेच्या पाठीशी उभा राहून एलनला वाटेला लावतोय. वावगा शब्द एकही नाही. माझे हात गार पडले.

पाहुणे गेल्यावर मे त्याला सांगते, दिवस गेलेत. एलनला तर तिने हे पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलेलं. तेव्हा खात्री नव्हती, पण आहे म्हणून सांगितलं, असं ती कबूल करते. डोळ्यांत पाणी, तेही जिंकल्याचं. विशीत मी हे वाक्य ओलांडून गेले होते! तरी मला तिचा राग येत नाही. समोरासमोर भांडायची सोय त्या घरांत बाईला होतीच कुठे?

खटकतं ते एवढंच की एलन फक्त आर्चरच्या नजरेतून दिसते. त्या पंधरवड्यात ती एकटी काय सोसत होती, ते आपल्याला कधीच कळत नाही. सुरुवातीला नात्यागोत्यांचा गुंता फार. मी कागदावर वंशावळ काढून घेतली.

सव्वीस वर्षांनी, मे गेल्यावर, मुलगा आर्चरला सांगतो: आई म्हणाली होती, मी मागितलं तेव्हा तुझ्या बाबांनी त्यांची सगळ्यात हवीशी गोष्ट सोडून दिली. आर्चर म्हणतो, तिने कधी मागितलंच नाही.

तिथून मी परत त्या जेवणाकडे गेले, या वेळी फक्त मेकडे बघत. निघायची वेळ होते, सगळे भोवती कडं करून उभे असतात. दोघी हात हातात घेतात, आणि मे पुढे वाकून एलनचा मुका घेते.