बाल्डर्स गेट ३ पूर्ण किमतीला घ्यावा का? काही महिने खेळल्यानंतर

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात या कथा-लढाईच्या गेमची किंमत २,९९९ रुपये. वीस टक्के सूट लागली तर सहाशे रुपये वाचतात. तेवढ्यासाठी सेलची वाट पाहायची का, असं ओळखीतले लोक सारखे विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी पूर्ण किंमत मोजली. गेमच्या बाबतीत माझा हात आखडता असतो, त्यामुळे या पैशांचा हिशेब मी मनात बरेच दिवस करत होतो.

त्या हिशेबात पहिली भर पडते ती जागेची. गेमला १५० जीबी लागतात आणि तेही एसएसडीवर, म्हणजे संगणकातल्या वेगवान साठवणीवर. माझ्या जुन्या एसएसडीवर एवढी जागा नव्हती, नवी घ्यावी लागली. दुकानदाराने ती बसवायचा बारीक स्क्रूही दिला नाही, त्यासाठी दुसरी फेरी झाली. तुमच्याकडे जागा नसेल तर खरी किंमत २,९९९ नाही, हे धरूनच चला.

स्टीमच्या परताव्यावर विसंबून घेऊ नका. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, पण इथे पात्र तयार करण्यातच अर्धा-पाऊण तास सहज जातो. मग कथेची सुरुवात होते ते उडतं जहाज, मग समुद्रकिनारा. दोन तास भरतात तेव्हा गेम जेमतेम सुरू झालेला असतो.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त छळलं ती: सामानाची पिशवी. आपल्या टोळीत चार जण, चौघांच्या चार पिशव्या, प्रत्येकाच्या ताकदीप्रमाणे वजनाची मर्यादा. वाटेत जे दिसेल ते उचलता येतं. चमचे, पेले, जळके कागद, कुजलेली फळं, शेकड्याने पुस्तकं. हवी ती जादूची गुंडाळी नेमकी चौथ्याच्या पिशवीत असते. लढाई पंधरा मिनिटांची आणि त्यानंतरची आवराआवर वीस मिनिटांची, असं माझ्याकडे कित्येक रात्री झालंय. विकायच्या वस्तूंवर खूण करून ठेवता येते, जड सामान थेट छावणीत पाठवता येतं, शोधायची सोयही आहे. तरीही एवढा विचार करून बांधलेल्या गेममध्ये हा भाग इतका किचकट का ठेवला असेल, हे मला आजही कळलेलं नाही. छावणीत मागे राहिलेल्या साथीदाराची पिशवी उघडता येण्यासाठी तर नोव्हेंबर २०२३ चा पाचवा पॅच, म्हणजे नंतर आलेली फुकट सुधारणा, यावी लागली!

पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर ‘थांबा’ म्हणालो असतो. आता म्हणत नाही. सुरुवातीच्याच भागात एक कुत्रा मेलेल्या मालकाशेजारी राखण करत बसलेला भेटतो. प्राण्यांशी बोलायची जादू वापरली तर कळतं, मालक उठेल म्हणून तो वाट बघतोय. त्याला नीट समजावलं तर पुढे तो छावणीत येतो, त्याच्यासाठी चेंडू फेकता येतो. मुख्य कथेला याची काही गरज नाही. कित्येक खेळाडू त्याच्या बाजूने निघून जात असतील. तरी त्यासाठी संवाद लिहिलेत, आवाज दिलेत. असं पावलोपावली आहे, आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले.

दुसरं म्हणजे, विकताना काही हातचं राखलेलं नाही. आत दुकान नाही. डिजिटल डीलक्स नावाची जादा पुडी वेगळी विकतात खरी, पण कथेचा पैसे देऊन घ्यायचा जादा भाग नाही. गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आला. पाचव्या पॅचमध्ये शेवटानंतरची मेजवानी फुकट मिळाली, सातव्यात मॉड्सची, म्हणजे खेळाडूंनी केलेले बदल गेममध्ये घालायची सोय, आणि एप्रिल २०२५ च्या आठव्यात पात्रांच्या बारा वर्गांना (योद्धा, जादूगार वगैरे) प्रत्येकी एक नवा उपवर्ग. आजकाल चार-पाच हजारांचा गेम घेतल्यावरही पात्रांच्या कपड्यांसाठी वेगळे पैसे मागतात, त्याचा मला मनापासून राग येतो. इथे खेळताना तसं एकदाही झालं नाही.

शिवाय एकाच प्रतीवर, एकाच टीव्हीवर पडदा विभागून दोघांना खेळता येतं. मी आणि धाकटी बहीण रविवारी असंच खेळतो. ती सरळ दार लाथेने उघडणारी, मी कुलूप काढणारा. तिचा वेगळा गेम घ्यावा लागला असता तर सूट कितीही असती तरी खर्च दुप्पट झाला असता.

तेव्हा सहाशे रुपयांसाठी थांबू नका. संगणक जुना असेल तर मात्र थांबा, कारण तिसऱ्या भागातलं शहर प्रोसेसरला घाम फोडतं. आणि पाळीपाळीने लढायचा प्रकार आवडेल की नाही याची शंका असेल तर हा गेम बनवणाऱ्या लॅरियन कंपनीचाच २०१७ चा डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २ सेलमध्ये पुष्कळ स्वस्तात मिळतो. आधी तो खेळून बघा. त्यातही पिशव्या आवराव्या लागतातच.