काउंटरवर माणूस असलेलं हॉटेल: काही महिन्यांच्या मुक्कामांनंतर

कामासाठी मला एकाच शहरात वरचेवर राहावं लागतं आणि खर्च माझ्या खिशातून होतो. म्हणून सुरुवातीचे मुक्काम मी बिनरिसेप्शनच्या एका नव्या हॉटेलात केले. दर कमी, खोली स्वच्छ, वाय-फाय झकास. लॉबीतल्या मशीनवर बुकिंग नंबर टाकायचा, कार्ड घ्यायचं आणि वर जायचं. ओळखीच्यांनाही मी तेच हॉटेल सुचवत होतो.

मग एकदा काम लांबलं. अ‍ॅपवरून एक रात्र वाढवली, पैसे लगेच कापले गेले. रात्री उशिरा परत आलो तर दाराला लाल दिवा. पुन्हा कार्ड लावलं, पुन्हा लाल. अशा बऱ्याच हॉटेलांत दाराचं कुलूप कुठल्याही कॉम्प्युटरला जोडलेलं नसतं. ते बॅटरीवर चालतं आणि कार्डावर नोंदवलेली मुदत वाचतं. मुक्काम वाढवला तर कार्डावर नवी मुदत चढवून घ्यावी लागते. ते चढवणारं कोणी तिथे नव्हतं. मशीन ‘चेक-इन पूर्ण झाले आहे’ एवढंच दाखवत होतं आणि हेल्पलाइनवर रेकॉर्ड केलेला आवाज. सामान आत, औषधं आत, मी बाहेर. बऱ्याच वेळाने एक मुलगा आला आणि त्याने दार उघडून दिलं. त्या रात्रीचे पैसे परत मागितले तर ‘सेवा पुरवण्यात आली आहे’ असं उत्तर आलं. तिथला माझा मुक्काम त्या दिवशी संपला.

तेव्हापासून मी एका जुन्या हॉटेलात उतरतो. दर थोडा जास्त आहे. लिफ्ट रेंगाळते, गरम पाणी यायला वेळ लागतो, कोपऱ्यातल्या खोल्यांत वाय-फाय अर्धमेलं असतं. आणि चेक-इन! काउंटरवरचे काका सगळं हाताने रजिस्टरमध्ये लिहितात. प्रवासाने थकलेल्या माणसाला तिथे ताटकळायचा कंटाळा येतो. पहिल्या मुक्कामानंतर रिव्ह्यू लिहिताना मी याच कारणासाठी एक स्टार कापला होता.

तो स्टार मी परत देतोय. एका रात्री पाळी बदलताना मी काउंटरपाशीच उभा होतो. जाणारे काका येणाऱ्या मुलाला रजिस्टर वाचून दाखवत होते, एकेक खोली, बोट ठेवून. माझ्या खोलीपुढे लिहिलं होतं: ‘पहाटेची गाडी. फोन उचलला नाही तर दार वाजवा. रस्त्याकडची खोली देऊ नये.’ हॉर्नच्या आवाजाने झोप लागत नाही, हे मी आदल्या एका मुक्कामात जाता जाता बोललो होतो. तक्रारही केली नव्हती. त्यानंतर मला दर वेळी मागची खोली मिळत होती, आणि मी तो योगायोग समजत होतो.

मला या हॉटेलातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटत असेल तर ते रजिस्टर. नामांकित स्विस हॉटेल व्यावसायिक सेझार रिट्झ पाहुण्यांच्या आवडीनिवडी टिपून ठेवत. १८९८ साली पॅरिसमध्ये त्यांच्या नावाचं हॉटेल उघडलं त्याच्या आधीपासूनची ही सवय. आजच्या सॉफ्टवेअरमध्येही पाहुण्याबद्दल टीप लिहायला जागा असते. पण कोणीतरी ती लिहावी लागते, आणि पुढच्या पाळीतल्या माणसाने ती वाचावी लागते. या हॉटेलातही काका सुट्टीवर असले की फरक पडतो. बदलीवरचा माणूस रजिस्टर उघडतच नाही आणि आपल्याला रस्त्याकडची खोली मिळते.

‘एवढं आदरातिथ्य हवं तर महागडं हॉटेल घ्या’ असं सांगणाऱ्यांचं मला पटत नाही. एल्सवर्थ स्टॅटलर या हॉटेल व्यावसायिकाने १९०८ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात माफक दराचं हॉटेल काढलं. प्रत्येक खोलीला स्वतंत्र बाथरूम दिलं, आणि पाहुण्यांशी कसं वागायचं याची लेखी नियमावली कर्मचाऱ्यांच्या हातात ठेवली. कमी दर आणि माणुसकीची वागणूक शंभर वर्षांपूर्वी एका छपराखाली नांदत होती.

दुसरी गोष्ट अधिकाराची. रिट्झ-कार्लटन या महागड्या हॉटेलांच्या साखळीत पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करता येतो, हे धोरण प्रसिद्ध आहे. माझ्या हॉटेलातल्या काकांकडे एवढी रक्कम अर्थातच नाही. पण माझी गाडी उशिरा सुटणार होती तेव्हा त्यांनी ‘असू द्या, दुपारपर्यंत थांबा’ म्हणून खोली राहू दिली. जादा पैसे घेतले नाहीत, कोणाला फोनही केला नाही. मशीनला हे कधीच जमणार नाही, कारण ‘असू द्या’ म्हणायची मुभा त्याला कोणी दिलेलीच नाही.

वाय-फायबद्दल माझी तक्रार कायम आहे आणि ते सुधारेपर्यंत पाचवा स्टार देणार नाही. दराचं म्हणाल तर आता मी बुकिंगचं ऑनलाइन पोर्टल सोडून थेट फोनवर बुकिंग करतो. पोर्टलचं कमिशन वाचतं म्हणून काकांनी दर कमी केला आणि नव्या हॉटेलाशी असलेला फरक जवळजवळ मिटला. तुम्हीही कुठे बुक करण्याआधी रात्री अकरानंतर फोन करून बघा. कोण उचलतं आणि त्याला खोल्यांची कितपत माहिती आहे, ते मिनिटभरात कळतं.