चार रमाबाई, तीन सुलोचना: एकाच नावाच्या बायका वेगळ्या ओळखायला विकिडेटा किती कामाचा?

जुन्या मराठी लेखात नुसतं ‘रमाबाई’ असलं, की कोणती रमाबाई हा प्रश्न पडतोच. थेऊरला १७७२ साली सती गेलेल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई, पंडिता रमाबाई (१८५८–१९२२), पुण्याच्या सेवासदनाच्या रमाबाई रानडे आणि रमाबाई आंबेडकर (१८९८–१९३५). पेशवाईचा आणि विसाव्या शतकाचा संदर्भ लगेच वेगळा काढता येतो. खरी पंचाईत १८८२च्या पुण्याची. त्या वर्षी पंडिता रमाबाईंनी तिथे आर्य महिला समाज काढला आणि रमाबाई रानडेही तेव्हा पुण्यातच होत्या. त्या काळच्या मजकुरात दोघींपैकी कोणीही असू शकते.

हा गुंता सोडवण्यासाठी सध्या हाताशी असलेलं सगळ्यात नेमकं साधन म्हणजे विकिडेटा. २०१२ साली सुरू झालेला, विकिपीडियाच्याच कुटुंबातला हा खुला माहितीसाठा आहे. पूर्णपणे मोफत, वाचायला खातं लागत नाही आणि माहिती कुठेही वापरायची मुभा. शिक्षक, संपादक, सूची करणारे आणि शोधनिबंध लिहिणारे यांनी तो जरूर वापरावा. चरित्र वाचायचं असेल तर मात्र इकडे येऊ नका, त्यासाठी मराठी विश्वकोश बरा.

याची मूळ कल्पनाच भक्कम आहे. इथे माणसाची ओळख नावावर नाही, क्रमांकावर ठरते. प्रत्येक व्यक्तीला ‘क्यू’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. नाव हे फक्त लेबल, त्याखाली एका ओळीचं वर्णन आणि शेजारी उपनावं. एकाच भाषेत दोन नोंदींचं लेबल आणि वर्णन दोन्ही तंतोतंत सारखं असेल, तर यंत्रणा जतनच करू देत नाही. ‘सुलोचना, अभिनेत्री’ अशा दोन नोंदी मराठीत एकत्र नांदू शकत नाहीत, एकीच्या वर्णनात भर घालावीच लागते. उपनावांना हे बंधन नाही आणि ते सोयीचंच आहे. चारही रमाबाईंना ‘रमाबाई’ हे उपनाव द्या, म्हणजे शोधपेटीत तेवढंच टाकलं तरी चौघी खाली उभ्या राहतात.

घोडं अडतं ते वर्णनापाशी. शोधपेटीत नावाखाली फिकट अक्षरांत जी ओळ दिसते, तिच्यावरच माणूस निवड करतो. मराठी वर्णन कोरं असेल किंवा नुसतं ‘समाजसुधारक’ असेल तर ती ओळ असून नसल्यासारखी. ‘सेवासदनाच्या संस्थापक, न्या. रानडे यांच्या पत्नी’ किंवा ‘संस्कृत पंडिता, शारदा सदनाच्या संस्थापक’ असं लिहिलं की चूक व्हायला जागा उरत नाही. ‘थोर’, ‘महान’ वगैरे विशेषणं टाळावीत, त्यांनी कोणीच वेगळं ओळखू येत नाही.

मराठी स्त्रियांच्या बाबतीत सर्वांत मोलाचे दोन रकाने (विकिडेटाच्या भाषेत गुणधर्म, त्यांचे क्रमांक ‘पी’ने सुरू होतात) म्हणजे जन्मनाव (पी १४७७) आणि विवाहानंतरचं नाव (पी २५६२). लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायची रीत होती, त्यामुळे इथे नावाचा पुरावा सगळ्यात कच्चा. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना. आनंदीबाई कर्वे माहेरच्या गोदूबाई जोशी, पहिल्या लग्नानंतर नातू आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाल्यावर आनंदीबाई कर्वे. म्हणजे ‘आनंदीबाई’ आणि माहेरचं ‘जोशी’ अशी जोडी जुळवून कोणी त्यांना अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंच्या (१८६५–१८८७) नोंदीत ढकलू शकतो. अशा जोड्यांसाठी ‘याहून वेगळे’ या अर्थाचा गुणधर्म आहे, पी १८८९. तो दोन्ही नोंदींत टाकायचा, एकीतच टाकला तर दुसरीकडून येणाऱ्याला इशारा मिळत नाही.

सिनेमाच्या श्रेयनामावलीसाठीही इथे चांगली सोय आहे. पडद्यावर नुसतं ‘सुलोचना’ असेल तर त्या मूकपटांच्या काळातल्या रूबी मायर्स (१९०७–१९८३) असतील, सुलोचना लाटकर (१९२८–२०२३) असतील किंवा गायिकांच्या यादीत सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२), ज्यांचं माहेरचं आडनाव कदम. चित्रपटाच्या नोंदीत कलाकार (पी १६१) म्हणून योग्य व्यक्ती जोडावी आणि पडद्यावर जसं छापलंय तसं नाव पी १९३२ या उपगुणधर्मात (त्या जोडणीलाच चिकटवायच्या जास्तीच्या रकान्यात) ठेवावं. मूळ छापील नावही टिकतं आणि ओळखही पक्की होते. इतका स्वच्छ तोडगा साध्या सूचीत मिळत नाही.

तारखांची व्यवस्था चांगली, पण भरणारा घाईत असला की बिघडते. ताराबाई शिंदे यांच्यासाठी (‘स्त्रीपुरुष तुलना’, १८८२) जन्माचं फक्त वर्ष १८५० भरायचं असेल तर अचूकता ‘वर्ष’ ठेवायची. बाहेरून घाऊक माहिती ओतताना त्याचं ‘१ जानेवारी १८५०’ होतं आणि ती खोटी तारीख पुढे सगळीकडे पसरते. रमाबाई रानडे यांची १८६२ आणि १८६३ अशी दोन्ही जन्मवर्षं छापलेली सापडतात. तिथे एक खोडून दुसरं ठेवू नये, दोन्ही आपापल्या संदर्भांसह ठेवावीत आणि जास्त भरवशाच्या वर्षाला वरचा दर्जा द्यावा. संदर्भाचा रकाना रिकामा असलेली तारीख दोन बायकांमधला निवाडा करायला वापरू नका.

देवनागरीची एक अडचण सहज नजरेतून सुटते. ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ यांतला ‘ऱ्य’-पद्धतीचा अर्धा र संगणकावर दोन प्रकारे टंकता येतो. दिसायला एकच, संगणकाला अक्षरांच्या दोन निराळ्या माळा. दुसरं रूप उपनावात टाकून ठेवणं हा साधा उपाय.

सगळ्यात धोक्याचं बटण म्हणजे विलीनीकरण. एकाच स्त्रीच्या माहेरच्या आणि सासरच्या नावाने दोन नोंदी झाल्या असतील तर ते हवंच. पण नाव सारखं म्हणून दोन वेगळ्या स्त्रिया एकत्र केल्या तर एक नोंद पुनर्निर्देशन होऊन बसते, म्हणजे तिचा क्रमांक उघडला की दुसरीच नोंद समोर येते. दोन्ही नोंदींना मराठी विकिपीडियाचे वेगवेगळे लेख जोडलेले असतील तर यंत्रणा नकार देते, आणि तो नकार म्हणजे थांबून तपासायची खूण समजावी. लेख नसतील आणि एका नोंदीत दुसरीचा दुवाही नसेल तर अडवणारं कोणी नाही. चूक लक्षात आली की दोन्ही नोंदींचा इतिहास उघडून आधीची आवृत्ती लगेच परत आणायची. उशीर झाला तर इतर नोंदींतले दुवे बॉट (आपोआप काम करणारे प्रोग्राम) नव्या क्रमांकाकडे वळवतात, आणि नोंदी सुट्या केल्या तरी ते दुवे आपोआप मागे येत नाहीत. मग ‘या नोंदीकडे काय जोडलंय’ हे पान उघडून पती, मुलं, ग्रंथ, संस्था असा एकेक दुवा हाताने तपासावा लागतो. विलीन करण्याआधी जन्मनाव, पती (पी २६) आणि मृत्यूचं वर्ष या तिन्ही गोष्टी जुळतात का ते पाहा. दोनच जुळत असतील तर पी १८८९ टाकून नोंदी वेगळ्याच ठेवा.