दोन काठ्या, तीन गड आणि ६३ वर्षांचे गुडघे

डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा ही ५३ किलोमीटरची डोंगरातली शर्यत पुरी केली, तेव्हापासून भोरमधली माझ्या वयाची मंडळी भेटली की एकच विचारतात, "काठ्या घेऊ का? कुठल्या घेऊ?" काठ्या म्हणजे डोंगर चढता-उतरताना दोन हातांत धरायच्या, लांबी कमीजास्त होणाऱ्या ट्रेकिंग पोलच्या. चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगून हे नीट समजत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

मी वायरमन. १९८६ साली वीज मंडळात लागलो, पुढे महावितरण झालं, २०२० साली निवृत्त झालो. चौतीस वर्षं खांब चढलो. त्यामुळे नळी, जोड, पकड आणि ताण या गोष्टी मला हात लावल्यावर कळतात. पळण्यातलं ज्ञान माझं अजून कच्चं आहे, पण काठीच्या जोडाबद्दल मी बोलू शकतो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. तेच नाव, तोच रंग ठेवून कंपन्या आतलं कुलूप बदलतात, हे मी दुकानात स्वतः पाहिलंय. रचना ओळखायला शिकलात तर कुठल्याही दुकानात फसणार नाही.

माझी आत्ताची जोडी ॲल्युमिनियमची आहे. तीन नळ्या एकात एक सरकतात आणि बाहेरच्या बाजूला खटक्याचं कुलूप आहे. दोन्ही मिळून वजन अर्धा किलोच्या आसपास. मला साडेतीन हजाराला पडली. आठशे-नऊशेपासून जोड्या मिळतात आणि बारा-पंधरा हजारांच्याही असतात. माझी पहिली जोडी नऊशेची होती, घरबसल्या मागवलेली. तिच्यात पिळून घट्ट करायचं कुलूप होतं. नळीच्या आत प्लास्टिकची एक गाठ असते. नळी पिळली की ती फुगते आणि आतून भिंतीला दाबून बसते. कोरड्या रस्त्यावर ठीक चालतं. पण पावसात आत पाणी जातं, मुरमाची बारीक धूळ जाते, ॲल्युमिनियमवर पांढरी बुकटी धरते आणि ती गाठ सटकायला लागते. बाहेरून काही दिसत नाही. श्रावणात भोरजवळच्या रोहिडा किल्ल्यावरून पायथ्याच्या बाजारवाडीकडे उतरत होतो. डावी काठी पुढे रोवली, अंग तिच्यावर टाकलं आणि खालची नळी वरच्या नळीत वीतभर सरकली. मी उजव्या तळहातावर पडलो. मनगट तीन आठवडे बांधून ठेवावं लागलं. आमच्या धंद्यात जो जोड डोळ्यांनी तपासता येत नाही, त्यावर कोणी अंग टाकत नाही. मी टाकलं. काठी म्हणजे साधी वस्तू, तिचं काय तपासायचं, असं वाटलं होतं.

खटक्याच्या कुलपाचा मोठा गुण म्हणजे ते डोळ्यांसमोर असतं. पट्टी दाबली की बंद, उचलली की मोकळी. ढिलं झालं तर बाजूचा बारीक स्क्रू अर्धा फेरा आवळायचा. काहींना हातानेच फिरवता येतो, काहींना छोटा पेचकस लागतो. दुकानात एकच परीक्षा करा. काठी पूर्ण लांबीवर लावा, टोक जमिनीवर टेकवा आणि वरून आपलं सगळं वजन टाका. दोनदा, तीनदा. दुकानदार नाही म्हणाला तर तिथून निघा.

कार्बनच्या काठ्या हातात घेतल्यावर मोह होतो. पिसासारख्या हलक्या. पण आपल्या सह्याद्रीत दगड सुटे असतात. टोक दोन धोंड्यांच्या फटीत अडकतं आणि आपण पुढे गेलेलो असतो. अशा आडव्या झटक्याला ॲल्युमिनियम वाकतं, कार्बन तडकतं. आमच्या पळणाऱ्या गटातल्या एकाची अशीच कड्कन मोडली आणि उरलेला उतार त्याला एका काठीवर काढावा लागला. माझी उजवी काठी राजगडाच्या पुढे धारेवर वाकली होती. दगडावर ठेवून पायाने दाबली, बरीचशी सरळ झाली, आणि तोरण्यापर्यंत तिनं साथ दिली.

आता शर्यतीत काय झालं ते.

सिंहगडावरून कल्याण दरवाजाने खाली उतरलं की सोंडेची वाट लागते. डिसेंबरात गवत वाळून पिवळं झालेलं, खाली बारीक मुरूम. तरुण पोरं तिथं हात पसरून धडाधड खाली जात होती. मला तसं जाता येत नाही. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणलं जात असतानाच अंग पेलावं लागतं, आणि आमच्या वयात त्या स्नायूची झीज भरून यायला आठवडा जातो. चढ दम काढतो, पण म्हाताऱ्या माणसाची शर्यत उताराला संपते. म्हणून मी विंझरच्या बाजूला उतरतानाच, पाय ताजे असताना, काठ्या काढल्या. पाय थकल्यावर काढल्या असत्या तर उशीर झाला असता. उतारावर काठ्या वापरल्या तर गुडघ्याच्या सांध्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी होतो, असं २५ अंशांच्या उतारावर केलेल्या १९९९ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. एका पावलाला हे थोडं वाटेल, पण त्या दिवसाची पावलं हजारोंनी मोजायची असतात.

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. या भागातल्या वाड्यांच्या लाइनवर मी नोकरीत कितीतरी पावसाळे काढलेत. झाड पडून तार तुटली की रात्री इथंच यायचं. त्या रस्त्याकडेच्या खांबांजवळून शर्यतीचा नंबर छातीला लावून जाताना ऊर भरून आला, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड चढताना काठ्यांची लांबी पाच-सात सेंटिमीटर कमी केली. माझी उंची १६५ सेंटिमीटर, सपाटीला ११० ठेवतो. हात टेकवल्यावर कोपरात काटकोन झाला की माप बरोबर. उताराला पाच-सात वाढवायची. काही हलक्या, घडीच्या काठ्यांची लांबी बदलता येत नाही. सपाट माळावर पळणाऱ्याला त्या चालतील, तीन गडांच्या वाटेवर मी घेणार नाही.

चढावर काठ्या हातांनी ओढायच्या नसतात, काठीच्या मुठीला असलेल्या पट्ट्यावर भार टाकायचा असतो. हे मला खांबावरूनच समजलं. खांबावर सेफ्टी बेल्ट अंग पेलतो आणि हात कामाला मोकळे राहतात. इथंही तसंच. हात पट्ट्यात खालून वर घालायचा, मग पट्टा आणि काठीची मूठ दोन्ही एकत्र धरायची. बोटं ढिली ठेवली तरी मनगट पट्ट्यावर टेकून राहतं. बहुतेक लोक हात वरून घालतात, मूठ आवळून धरतात आणि दोन तासांत अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो. मलाही पहिल्या महिन्यात आला होता.

पण चोर दरवाजाच्या खालच्या टप्प्यात, जिथं रेलिंग आहे आणि कातळाला हात लावावा लागतो, तिथं काठ्या बंद करून पिशवीला लावल्या. यात हयगय करू नका. काठी मनगटाला लोंबकळत ठेवून रेलिंग धरणारे लोक मी पाहिले. ती पायात येते, नाहीतर मागच्याच्या तोंडाला लागते. काठ्या मिटवून पाठीला अडकवायला मला आता वीस सेकंद लागतात. सुरुवातीला दोन मिनिटं लागायची. घरच्या अंगणात सराव केला.

राजगडाच्या पद्मावती माचीवर काठ्यांच्या टोकांना रबरी टोप्या चढवल्या. काठीच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा कठीण तुकडा असतो, दगडावर ओरखडे उठतात. राजगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला ते बरंच झालं, पण यादीत नसता तरी महाराजांच्या राजधानीच्या पायऱ्यांवर मी उघडं टोक टेकवलं नसतं. रबराची पकड कोरड्या फरसबंदीवर उत्तम असते. मातीच्या घसाऱ्यावर मात्र रबर घसरतं, तिथं टोपी काढायची.

संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने खाली उतरलं की तोरण्याकडे जाणारी डोंगरधार सुरू होते. माझ्या मते या काठ्यांची खरी किंमत या एका तुकड्यात वसूल झाली. दोन्ही बाजूंना उतरण, पायाखाली सुटी माती, मधेच कारवीची दाटी. पाय मऊ पडले होते आणि डावा गुडघा बोलायला लागला होता. विजेच्या खांबाला बाजूने ताणाची तार बांधली की खांब कलत नाही, तशी एक काठी पुढे आणि एक बाजूला रोवत उतरलो. माझ्या मागचे दोघं तिथं बसून घसरत आले. मी उभा उतरलो.

त्या धारेवर धनगराचं एक घर लागलं. आजोबा दाराशी बसले होते, आजीनं तांब्याभर ताक दिलं. आजोबांनी माझी काठी हातात घेतली, वाकवून पाहिली आणि विचारलं, "दोन कशापायी? एक पुरती की." त्यांची स्वतःची काठी खांद्याइतकी उंच. उतारावर ते ती दोन्ही हातांनी एका बाजूला धरतात, मागं रेलतात आणि काठीवर भार टाकून खाली येतात. मला उठून करून दाखवलं. वय विचारलं तर म्हणाले, "ऐंशीच्या वर असंल." मी घरी आल्यावर तसं करून पाहिलं. फार तीव्र घसाऱ्यावर माझ्या दोन काठ्या एकत्र धरून ती पद्धत वापरतो. ती मला कुठल्याही दुकानदारानं सांगितली नव्हती.

कारवीत काठ्यांची टोकाजवळची चकती अडकते. दाट झाडीत ती काढून खिशात ठेवा. पावसाळ्यात काठी चिखलात रुतू नये म्हणून पुन्हा लावायची.

तोरण्याच्या बुधला माचीच्या खाली लोखंडी शिडी आहे. तिथं परत काठ्या पाठीला. वर पोचलो तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. तोरणा १,४०३ मीटर, राजगडापेक्षाही थोडा उंच, आणि तो शेवटी येतो. मेंगाई देवीला बाहेरूनच हात जोडले. बिनी दरवाजातून पायथ्याच्या वेल्ह्याकडे उतरताना खांदे इतके दुखत होते की काठी उचलताना हात थरथरत होते. गुडघ्यावरचं ओझं काठ्या नाहीसं करत नाहीत. त्यातलं काही खांद्यावर आणि दंडावर जातं. खांद्याला ती सवय नसेल तर चाळिसाव्या किलोमीटरला हात जड होतात. मी तीन महिने, आठवड्यातून दोनदा, रोहिड्यावर काठ्या घेऊन चढलो-उतरलो. तरी कमी पडलं. पुढच्या खेपेला पाच महिने करणार आहे. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात काठ्या विकत घेणार असाल तर घेऊ नका, त्या तुम्हाला दमवतील.

वेळेच्या आत वेल्ह्यात पोचलो. मुलगी घ्यायला आली होती. तिनं आधी गुडघे बघितले, मग म्हणाली, "बाबा, बसा आता." दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरावं लागलं, पण उलटं उतरावं लागलं नाही. सिंहगडावरच्या माझ्या आधीच्या २५ किलोमीटरच्या सरावानंतर, काठ्या नसताना, दोन दिवस उलटं उतरत होतो.

रात्री काठ्या उघडल्या. हे प्रत्येक वेळी करायचंच. तिन्ही नळ्या वेगळ्या करा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि रात्रभर सुट्या ठेवा. तेल लावू नका. माझ्यासारख्या माणसाचा हात आपसूक तेलाच्या डबीकडे जातो, पण तेल लागलेली नळी कुलपात धरत नाही. टोक झिजलं असेल तर बदलून मिळतं, पूर्ण काठी टाकू नका. खरेदी करतानाच विचारा की टोक आणि चकती सुटी मिळते का. मिळत नसेल तर ती जोडी स्वस्त असली तरी महाग पडते.

मनगटात जुनं दुखणं असेल किंवा खांदा आखडलेला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग दुकानात जा. आणि रबरी टोप्या दोनाच्या जागी चार घ्या. माझी एक बुधल्याच्या शिडीखाली कुठंतरी राहिली आहे. तिकडं कोणी गेलं आणि काळी, अंगठ्याएवढी टोपी दिसली, तर उचलून आणा.