जुन्या ट्रॅक्टरला ट्यूब: ब्युटाइल की साधी रबराची?
मागच्या १३.६-२८ मापाच्या टायरला दोन्ही चालतात. साधी ट्यूब स्वस्त पडते, पंक्चरही गावात कुणीही काढून देतो, पण हवा सारखी बघावी लागते. ब्युटाइल म्हणजे एक प्रकारचं कृत्रिम रबर, त्यातून हवा फार हळू जाते, ट्रॅक्टर बरेच दिवस शेडमध्ये उभा राहिला तरी टायर लगेच बसत नाही, म्हणून मी तर म्हणेन ब्युटाइलच घ्या, फक्त वजनासाठी टायरात पाणी भरत असाल तर हवा-पाण्याचा (दोन्ही भरता येतं असा) व्हॉल्व्ह आहे ना ते दुकानातच बघा. बसवताना मात्र दोन्हीला सारखंच, टायरच्या आतून हात फिरवून बाभळीचे मोडके काटे शोधा, रिमचा गंज घासा, ट्यूबला पावडर लावा, आणि एकदा हवा भरून परत सोडा म्हणजे आत घडी पडली असेल तर सुटते, मग पूर्ण भरा.